अकरा नंबर

बेदाण्याच्या पेढीनं दिवाळीला दिलेली फुकट डायरी.
तिच्या शेवटच्या पानावर, तारेचे दर छापले होते त्याच्या खाली,
चाळीस पुरी झाली त्या दिवशी
मी एक यादी केली.
हिरव्या शाईनं. साहेबांचं पेन हातात राहिलं होतं.

पोहायला शिकणे, हा एक नंबर.
घाटावर गेले पंजाबी ड्रेस घालून, पाठीला डबा बांधून.
शेजारचा पार्श्व, वय तेरा, माझा गुरू.
"काकू, पाय मारा. पाण्याला भ्यायचं नाही."
तेवढ्यात पलीकडून कुणी ओरडलं, मगर!
लाकूड होतं.
पण तोवर मी वरच्या पायरीवर,
चपला हातात, डबा पाठीला तसाच,
आणि तशीच गणपती पेठेतून घरी.
भाजीवालीनं विचारलं, "रॉकेल आलंय व्हय?"
मग पालिकेच्या टाकीत, डोळे लाल करून,
अठ्ठावीस दिवसांत एक आडवी फेरी.
टिक.

हॉटेलात एकटीनं बसून मिसळ खाणे,
हे सोपं वाटलं होतं.
वेटर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत उभा.
"अजून कोण येणारेत?"
मीच की ती, येणारी.
कट दोनदा मागितला. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

हे विचारायचे, "कुठं निघालीस?"
"सहा नंबरला."
त्यांना वाटायचं, विश्रामबागची बस.
सहा नंबर मिरजेत होता, सतारी करतात त्या गल्लीत.
सतारीच्या भोपळ्यावर बोटानं वाजवून बघायचं, बस्स.
म्हातारे शमसुद्दीनचाचा म्हणाले, "वाजवता?"
म्हटलं, नाही हो. आवाज आत कुठं राहतो, ते बघायचं होतं.
ते हसले नाहीत.
दुसरा भोपळा पुढं सरकवला.
"हा बघा. तो अजून ओला आहे."

एकोणीसच्या पुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं.
डायरी सापडली तांदळाच्या डब्यात,
पुरीसारखी फुगलेली.
दहा नंबर वाचता आला, बाराही आला.
अकरावर नुसता हिरवा डाग.
काय होतं तिथं?
लिहिताना हसू आलं होतं, एवढंच आठवतं.

मग सुचेल ते करत गेले.
शिट्टी मारली, जेमतेम, कुत्र्यानंही मान वळवली नाही.
केस कापले.
हळदीच्या बाजारात मोठ्या काट्यावर बसून वजन केलं,
क्विंटलला एकतीस किलो कमी भरले,
पिवळा परकर धुता धुता आठवडा गेला.
जावेला फोन केला, सात वर्षांनी.
विद्युल्लतानं उचलला
आणि आम्ही वीस मिनिटं कुकरच्या रिंगबद्दल बोललो.
प्रत्येक वेळी घरी येऊन पान उघडायची.
डाग जिथल्या तिथं.

शेवटी यांना दाखवली. लपवलेली यादी, सोळा वर्षांनी.
मला वाटलं, रागावतील, निदान विचारतील तरी.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पान ट्यूबलाइटला लावलं.
"ग आहे. गरम मसाला असणार."
मग पान उलटं केलं. मग वास घेतला.
मग म्हणाले,
"आणि अकरा नंबर म्हणजे पायी जाणं की गं,
एवढं शाळेतली पोरं पण सांगतील."

रविवारी निघालो हरिपूरला, अकरा नंबरनं.
चिंचांच्या सावलीतून. आधी ते पुढं, मग मी पुढं,
गुडघा त्यांचा दुखायचा आणि थांबायची मी.
संगमावर दोन रंगांचं पाणी
थोडा वेळ एकमेकांना न विचारता चाललेलं.
काठावर बसून भडंग खाल्लं.
"हेच होतं का?"
"नाही," म्हटलं. खरंच नव्हतं.

ते बराच वेळ बोटं चाटत बसले.
मग माझ्या पर्समधलं पेन मागितलं,
भडंगाच्या कागदावर, माझ्याकडं पाठ करून,
काहीतरी लिहिलं. दोन ओळी असतील, नाहीतर तीन.
घडी घालून खिशात.

मी विचारलं नाही.
तेलाचा डाग तर त्याच्यावर
आधीच पडला होता.